कथा पहाटेची, पटकथा संध्याकाळची

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून थोडक्यात सांगते. वय ३६. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा. कॉलेजात असताना ‘पुरुषोत्तम’ या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली, पुढे दिवाळी अंकांतून कथा येऊ लागल्या. गेल्या वर्षी एकांकिकेच्या दिवसांतला एक मित्र वेबसीरिजची कल्पना घेऊन आला. तो आता दिग्दर्शन करतो. तेव्हापासून त्या त्याच्यासाठी पटकथा लिहीत आहेत. चौथा ड्राफ्ट चालू आहे. करार नाही, मानधन नाही, सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. दरम्यान दिवाळी अंकाला पाठवलेली कथा परत आली. संपादकांनी सोबत लिहिलं होतं, ‘संवाद छान आहेत, पण ही पटकथा वाटते. कथा कुठे आहे?’ त्यांचे प्रश्न चार आहेत. माझ्या हातातून कथा गेली का? लिहायला वेळ कुठून आणू? मित्राकडे पैशांचं आणि कराराचं कसं बोलू? आणि नोकरी सोडू का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य आलं आहे: ‘हल्ली काहीही सुचलं की ते मला सीनसारखंच दिसतं.’ चार प्रश्नांपेक्षा मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कथा तुमच्या हातातून गेलेली नाही. वर्षभर एकच काम केल्यानं हाताला एक वळण लागलं आहे. ते मोडता येतं, पण त्यासाठी ते नेमकं कसं लागलं हे आधी बघायला हवं.

पटकथा लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळावी लागते. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच कागदावर उतरवायचं. ‘तिला वाईट वाटलं’ असं लिहून भागत नाही, कारण ते शूट कसं करणार? मग आपण तिला हातातला कप न पिताच खाली ठेवायला लावतो, फोन उचलून परत ठेवायला लावतो. ही शिस्त फार चांगली आहे. पसरट लिहिणाऱ्याचं लेखन तिनं घट्ट होतं, आणि तुमच्या संवादांना आज जी धार आली आहे ती तिच्यामुळेच. पण रोज तेच करत राहिलं की जे जे दिसत नाही ते मन आपोआप गाळायला लागतं. कथेचा मोठा भाग तर तिथेच असतो.

एक प्रसंग घेऊ. सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत व्हायची आहे. बिऱ्हाडांचं सामान हललं आहे. अप्पा आपल्या रिकाम्या खोलीला कुलूप लावून किल्ली द्यायला निघाले आहेत. पटकथेत हे साधारण असं येईल:

दृश्य १२. वाडा, अप्पांची खोली. संध्याकाळ.
रिकामी खोली. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथे पांढरा चौकोन. अप्पा बाहेर येतात, दार ओढतात, कुलूप लावतात. ओढून पाहतात. दोन पायऱ्या उतरतात, थांबतात, परत वर येऊन कुलूप पुन्हा ओढतात. खाली चौकात बिल्डरचा तरुण माणूस हात पुढे करून उभा.
तरुण: काका, किल्ली?
अप्पा: (खिशात घालत) उद्या देतो.

आता हेच कथेत:

अप्पांनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. ही त्यांची सवय काकूंना कधीच आवडली नव्हती. त्या जिन्यात थांबून म्हणायच्या, आहे काय आत एवढं चोरण्यासारखं? आत खरंच काही नसायचं. पण भाडेपावतीवर आपलंही नाव हवं असं धाकटा भाऊ म्हणाला, तेव्हा अप्पांनी याच कुलपाकडे बोट दाखवून किल्ली माझ्याकडे आहे एवढंच उत्तर दिलं होतं, आणि त्यानंतर भाऊ हा जिना कधी चढला नव्हता. आता ती किल्ली पंचविशीतल्या एका पोराच्या हातात द्यायची होती. त्याला यातलं काहीच माहीत नाही, याचं अप्पांना बरं वाटलं.

दोन्हीकडे माणूस तोच आणि कुलूपही तेच. पहिल्या मजकुराचं निम्मं काम नट करणार आहे, उरलेलं प्रकाश, आवाज आणि संकलन करणार आहेत. म्हणून तो मुद्दाम अपुरा ठेवलेला आहे आणि तसाच असायला हवा. तिथे भाऊ आणायचा म्हटलं तर फ्लॅशबॅक लागेल, म्हणजे तरुण अप्पा, तरुण भाऊ, नांदता वाडा आणि त्याचा सगळा खर्च. कथेत एका वाक्यात तीस वर्षं मागं जाऊन पुढच्या वाक्यात परत येता येतं. आणि शेवटी अप्पांना जे ‘बरं वाटलं’, ते कुठल्याही कॅमेऱ्याला टिपता येणार नाही. नट चेहऱ्यावर समाधान दाखवेल, पण ते कशाचं आहे हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नाही.

काळाचाही फरक आहे, त्याकडे लक्ष द्या. पटकथा कायम वर्तमानात चालते: येतो, बसतो, उठून जातो. कथेला आपल्या भाषेनं रीतिभूतकाळ दिला आहे. आजी यायची, उंबऱ्याशी बसायची, कोणाशी न बोलता उठून जायची. एवढ्या ओळीत एका बाईची कितीतरी वर्षं येऊन जातात. परत आलेल्या कथेत असं एकही वाक्य नसेल, असा माझा अंदाज आहे. तपासून पाहा.

तपासायचं कसं, तर कथेची प्रिंट काढा आणि जे वाक्य जसंच्या तसं शूट करता येईल त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारा. पानभर रेघा दिसल्या तर समजा की कथेतून निवेदक निघून गेला आहे, पात्रं तेवढी उरली आहेत. मग स्वतःला विचारा, ही गोष्ट सांगतंय कोण, आणि त्या खोलीतल्या इतर कोणालाच माहीत नसलेलं असं त्याला काय माहीत आहे? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कथेला हात लावू नका. मिळालं की संवादांतले बरेचसे निवेदनात घ्या. ‘आई म्हणाली, आता पुरे’ याऐवजी आईनं त्या दिवशीही पुरे म्हटलं, जसं ती दर दिवाळीला म्हणायची. तुमचे संवाद चांगले आहेत, म्हणून ते कापताना जड जाईल. तरी कापा. चांगला संवाद कथेत थोडा असला की जास्त ऐकू येतो.

एकाच माणसाला दोन्ही सांभाळता येत नाही, अशी भीती तुमच्या पत्रातून जाणवली. ती धरून बसू नका. विजय तेंडुलकरांनी नाटकं लिहिली, कथा लिहिल्या, वर्तमानपत्रात सदरं चालवली आणि पटकथाही लिहिल्या. १९७९चा ‘सिंहासन’ घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी एका चित्रपटाची पटकथा केली. दोन्ही कादंबऱ्या वाचून लगेच चित्रपट पाहा आणि दोन याद्या करा: कादंबरीत आहे पण पडद्यावर नाही, आणि पडद्यावर आहे पण कादंबरीत नाही. कथा आणि पटकथेतला फरक समजायला याहून चांगला अभ्यास मला ठाऊक नाही. वाचायला जागाही जवळ आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात चित्रपटांवरची पुस्तकं आणि पटकथा आहेत, आणि त्याच रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथले लघु अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांनाही जमण्यासारखे असतात. पटकथा शिकायची म्हणजे मुंबईच गाठायला हवी असं नाही.

यानंतर वही. पटकथेची फाइल वेगळी, कथेचे कागद वेगळे, आणि या दोन्हींची नसलेली एक तिसरी वही ठेवा. तिच्यात कल्पना लिहू नका. ‘एक बाई असते, तिला कळतं की…’ असलं काही नको. पाहिलेलं आणि ऐकलेलं तेवढंच लिहा, जसंच्या तसं. वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या दोन आजोबांचं बोलणं मी असंच उतरवून ठेवलं आहे. एक म्हणत होते, ‘मुलगा म्हणतो, बाबा, इकडेच या आता. जाईन मी, पण तिथे मला अरे म्हणणारं कोण आहे?’ दुसरे आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त चालण्याचा वेग कमी केला, कारण पहिल्यांना दम लागला होता. याचं मी अजून काही केलेलं नाही आणि करायची घाईही नाही. कधी कथा होईल, कधी एखाद्या सीनच्या कोपऱ्यात ते दोघं चालत जातील.

तुम्हाला टेकडी जमत नसेल तर कंपनीची बस आहे. एवढा वेळ तीच तीच माणसं शेजारी बसतात, घरी फोन करतात, फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. तुळशीबागेत भाव करणाऱ्या मायलेकी आहेत, अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पुस्तकांची यादी हातात घेऊन उभे असलेले वडील आहेत. वस्तूंची नावं लिहा, किमती लिहा, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं ते लिहा. पटकथेत वर्षभर तुम्ही मित्राच्या कल्पनेतल्या माणसांबरोबर राहिला आहात. तुमची स्वतःची माणसं तुमच्याकडे या वहीतूनच परत येतील.

आणि एक गोष्ट पाळाच. कथेचं बीज कोणालाही सांगू नका. पटकथेच्या कामात सारखं सांगावंच लागतं. दिग्दर्शकाला, निर्मात्याला, नटाला नॅरेशन दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून गोष्ट दुरुस्तही होते. कथेचं तसं नाही. सांगितली की लिहायची ओढ निम्मी होते, आणि ऐकणारा सहज जे सुचवून जातो ते डोक्यातून निघत नाही. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत नवऱ्यालाही नको आणि मित्राला तर नाहीच.

आता वेळ. तुमचा दिवस मी पत्रात नीट वाचला आणि त्यात मोकळे तास नाहीत हे मला मान्य आहे. तेव्हा जेवढा आहे तेवढा वेळ वाटून घेऊ. कथा पहाटे लिहा, मुलाच्या डब्याआधी, अर्धा-पाऊण तास. फोन दुसऱ्या खोलीत. मित्राचे मेसेज रात्री आलेले असतील, ते वाचण्याआधी. याला कारण आहे. पटकथेवर येणाऱ्या नोट्समधून, म्हणजे सूचनांमधून, चार जणांचे आवाज डोक्यात शिरतात: हा सीन लांबतोय, ही मुलगी प्रेक्षकांना आवडेल का, एपिसोडच्या शेवटी पुढचा भाग बघायला लावणारा हुक कुठे आहे. हे प्रश्न पटकथेला योग्यच आहेत. पण कथेला एकाच आवाजाची गरज असते आणि तो सकाळी, कोणाशी बोलण्याआधी, सापडायला सोपा जातो. पटकथा संध्याकाळी किंवा शनिवारी करा. ते काम थकलेलं असतानाही होतं, कारण ते तुकड्यांत होतं. एक सीन, दोन सीन, वनलाइनमधले, म्हणजे दृश्यांच्या थोडक्यात आराखड्यातले, बदल. समोर कोणीतरी वाट पाहत असतं, त्याचाही रेटा मिळतो.

तुम्ही लिहिलंय, सासूबाई म्हणतात, ‘दिवसभर कॉम्प्युटर, घरी आल्यावरही कॉम्प्युटर.’ त्यांचं चुकत नाही. त्यांना बाहेरून ऑफिसचं काम आणि लेखन सारखंच दिसतं. म्हणून कथा हातानं लिहा, फुलस्केप कागदावर, पेनानं. त्याचा घरात फरक पडेल, आणि तुमच्या हातावरही पडेल. लॅपटॉप उघडला की बोटं सवयीनं दृश्य क्रमांक आणि स्थळ-वेळ टाइप करतात. कागदावर ती सवय चालत नाही. सासूबाईंना स्पष्ट सांगा, ‘आई, मी साडेसहापर्यंत लिहिते आहे, चहा तेवढ्यात झाला तर तुमचा घ्या.’ ऑफिसला जाताना जसं सांगता तसंच, परवानगी मागितल्यासारखं नको आणि अपराधीपणानं तर मुळीच नको.

ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज असेल त्या आठवड्यात लिहू नका. तुमच्या कामाचं स्वरूप मला थोडंफार माहीत आहे, त्या दिवसांत रात्री-अपरात्री फोन येतात. तेव्हा फक्त वहीत दोन ओळी. असे आठवडे आधीच कॅलेंडरवर खुणा करून सोडून द्या, म्हणजे न लिहिल्याचा सल मनात राहणार नाही.

कथेच्या वर्षाचा हिशोबही लक्षात घ्या. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं आहे. पण संपादकांच्या हातात कथा पावसाळ्याच्या सुरुवातीला हवी असते. गणपतीपर्यंत अंकाची पानं लागत असतात. तुम्ही कथा जुलैच्या शेवटी घाईत पूर्ण केल्याचं लिहिलं आहे. पुढच्या वेळी गुढीपाडव्यापर्यंत खर्डा होऊ द्या, मुलाच्या सुट्टीत तो बंद ठेवा आणि जूनमध्ये काढून वाचा. मधल्या दीड-दोन महिन्यांत पटकथेला भरपूर वेळ मिळेल आणि कथा परकी होऊन समोर येईल. आणि परत आलेल्या कथेचे संपादक? त्यांचे आभार माना. नुसतं ‘साभार परत’ न लिहिता नेमकं कुठे बिघडलं ते सांगणारा संपादक मिळणं सोपं नाही. दुरुस्त केल्यावर त्यांनाच आधी विचारा.

मित्राविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे तुमचं नुकसान होऊ शकतं आणि मैत्रीचंही.

आज परिस्थिती अशी आहे. तुम्ही लिहिलेल्या चारही ड्राफ्टचा कॉपीराइट तुमचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणी केली तरच मिळतो असं नाही. पण मूळ कल्पना मित्राची आहे, आणि नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आपल्या नाटकाची चित्रपटात नक्कल झाली असा दावा एका नाटककारानं लावला होता, त्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हेच सांगितलं: संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला. म्हणजे तो म्हणू शकत नाही की कल्पना माझी होती म्हणून पटकथाही माझी, आणि तुम्हीही म्हणू शकत नाही की त्यानं याच कल्पनेवर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नये. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. बोलणं सुरू करायला ही चांगली जागा आहे.

तुमचे हक्क दुसऱ्याकडे जायचे असतील तर ते लेखी आणि तुमच्या सहीनंच जातात. त्या कागदात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, मात्र करारात वेगळं लिहिलं असेल तर तसं होत नाही, आणि बहुतेक छापील करारांत वेगळंच लिहिलेलं असतं. म्हणून ते कलम शोधून वाचा. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या लेखनाच्या रॉयल्टीतला आपला वाटा लेखकानं सोडून दिला, असं लिहून घेता येत नाही, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून. एवढं माहीत असलं तरी समोरच्याशी बोलताना आवाज स्थिर राहतो.

करारात पाहायच्या इतर गोष्टी या कामात रोज लागणाऱ्या आहेत. नाव कसं येणार? कथा, पटकथा आणि संवाद ही आपल्याकडे तीन वेगळी श्रेयं आहेत, त्यातलं तुमचं कोणतं, एकटीचं की कोणाबरोबर. मानधन टप्प्यांत असावं: सहीच्या वेळी काही, वनलाइन मान्य झाल्यावर काही, पहिल्या ड्राफ्टला काही, शेवटचा ड्राफ्ट लॉक झाल्यावर उरलेलं. त्या रकमेत किती ड्राफ्ट धरले आहेत, आणि त्यापुढच्या ड्राफ्टचं वेगळं काय. नोट्स कोण देणार, कारण तिघं तीन दिशांना ओढायला लागले की ड्राफ्ट संपतच नाहीत. तुम्ही चौथ्या ड्राफ्टवर आलात याचं कारणही मला हेच वाटतं. पाचवा करायची वेळ आलीच तर आधी फक्त सीनची यादी करा, प्रत्येक सीनला दोन ओळी, त्यावर दोघांचं एकमत होऊ द्या आणि मगच लिहा. सीरिज उभीच राहिली नाही तर पटकथा कोणाकडे, हेही आत्ताच ठरलं पाहिजे. उत्साहात सगळ्यांना तोच प्रश्न अशुभ वाटतो, आणि पुढे सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात.

मुंबईची स्क्रीन रायटर्स असोसिएशन मराठी लेखकांनाही सदस्यत्व देते. सदस्य झालात की पटकथेची ऑनलाइन नोंदणी करता येते. त्यानं हक्क निर्माण होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा राहतो. लेखकांच्या तक्रारी ऐकणारी समितीही त्यांच्याकडे आहे. तोवर प्रत्येक ड्राफ्टच्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि मित्राला ईमेलनं पाठवा, फक्त व्हॉट्सॲपवर नको. आणि सहीआधी करार कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. ती फी वाया जात नाही.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं आहे. मी असा मेसेज करेन: ‘अरे, चौथा ड्राफ्ट अर्ध्यावर आलाय. पूर्ण करण्याआधी आपण एकदा सगळं कागदावर आणू. माझं नाव कुठे येणार, मानधन किती आणि कोणत्या टप्प्यांवर, किती ड्राफ्ट, आणि सीरिज झाली नाही तर पटकथा कोणाकडे राहणार. निर्माता अजून ठरला नसेल तर आपल्या दोघांत एका पानाचा करार करू. शनिवारी भेटू या?’ एवढंच. माफी नको, ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ नको, आणि मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा तर नकोच.

मला वाटतं, निर्माता अजून नसावा. तसं असेल तर तोही वर्षभर बिनपैशानंच राबतोय. मग तुम्ही दोघं या कामात भागीदार आहात, आणि मानधनाऐवजी हिस्सा ठरवणं रास्त होईल: पुढे जे काही मिळेल त्यातलं लेखनाचं इतकं, दिग्दर्शनाचं इतकं. त्याच्या घरी पैसे पडून आहेत आणि तो ते देत नाही, अशा सुरात बोलू नका. पण ‘मैत्रीत कागद कशाला’ असं तो म्हणाला तर सांगा की मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा. तरी टाळाटाळ झाली तर चौथा ड्राफ्ट आहे तिथे थांबवा. भांडू नका, कल्पनेला नावं ठेवू नका, फक्त पुढे लिहू नका. त्याला काम करायचं असेल तर तो महिन्याभरात येईल.

शेवटी नोकरी. सोडू नका, निदान आत्ता नाही. हातात एकही सही झालेला करार नसताना घरच्या हप्त्यांचा भार लेखनावर टाकला, तर पहिल्यांदा कथा जाईल, कारण पैसे पटकथेत आहेत. आपल्याच शहरात व्यंकटेश माडगूळकरांनी आकाशवाणीतली नोकरी सांभाळून लिहिलं, दि. बा. मोकाशींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचं लेखन त्यामुळे कमी पडलं असं त्यांच्या कोणाही वाचकाला वाटलेलं नाही. फक्त आज कपाटातून तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या करारात बऱ्याचदा बाहेरचं मोबदल्याचं काम करायला आधी लेखी परवानगी लागते असं कलम असतं, आणि नोकरीच्या काळात तुम्ही जे निर्माण कराल ते कंपनीचं, असंही कधी मोघम लिहिलेलं असतं. कंपनीच्या लॅपटॉपवर पटकथा लिहीत असाल तर आजच बंद करा. एचआरला ईमेल करा, कथा-पटकथा लेखनाचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही हे लिहा, आणि लेखी परवानगी मागा. ती हातात आली की मगच मित्राबरोबरच्या कागदावर सही करा.